गुणांची शाळा, गुणाची शाळा

दोन वर्षांपूर्वी, जानेवारी महिन्यात, आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर मुखेड तालुक्यातील एका लहानशा गावी भरले होते. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री करमणुकीचे कार्यक्रम हा शिबिराचा क्रम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातच एका दुपारी बौद्धिकाऐवजी आमच्या हाती छापील तक्ते देण्यात आले. गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे मूल्यमापन करावयाचे होते. एक तक्ता मुलांच्या वाचन-गणिताचा, दुसरा पालकांच्या अभिप्रायाचा. मुलांनी वाचले की खूण करावयाची, पालकांनी ‘अतिशय चांगली’, ‘चांगली’, ‘बरी’, ‘वाईट’ यांपैकी जे सांगितले त्यावर गोल करावयाचा आणि शेवटी दोहोंची बेरीज करून शाळेला शंभरपैकी गुण द्यावयाचे. आमच्या गटाचा प्रमुख म्हणून ती बेरीज मी केली व खाली सही केली. शाळेला बेचाळीस गुण पडले.

तो कागद २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखविण्यात आला. जूनमध्ये त्या गावातली नऊ मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसू लागली. शाळेचा पट त्रेसष्टावरून साठाच्या खाली उतरला. शिक्षणहक्क कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक; तेव्हा तिसरे शिक्षक अतिरिक्त ठरले आणि दुसऱ्या गावी गेले. आमचे एक प्राध्यापक म्हणतात, “तुझ्या कागदाने काही झाले नाही, ती मुले तशीही जाणारच होती.” असेलही. परंतु त्या कागदाच्या खाली सही माझी आहे, आणि म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार नसला तरी जबाबदारी माझ्यावर आहे असे मला वाटते.

प्रथम वाचनाच्या तक्त्याचे सांगतो. चौथीच्या हजेरीपटावर अकरा नावे होती. आम्ही गेलो त्या दिवशी वर्गात सात मुले होती. उरलेली चार आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. मुखेड, कंधार, जळकोट या भागाला हे नवे नाही. दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसे, कुत्री आणि शाळा एवढेच उरते. सातांपैकी तिघांनी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचला. म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस टक्के. आणखी एकाने वाचला असता तर सत्तावन्न टक्के झाले असते. एका लेकराच्या अडखळण्याने शाळा चौदा टक्क्यांनी खाली येते किंवा वर जाते, ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही. ज्या वर्गात सात मुले आहेत त्या वर्गाची टक्केवारी काढणे म्हणजे चिमूटभर डाळ मणाच्या काट्यावर तोलण्यासारखे आहे.

आणि ते ‘आणखी एक’ लेकरू कोण होते? ते आधीची दोन वर्षे फडावर होते. त्या वर्षी पहिल्यांदाच दिवाळीनंतर ते आजीपाशी गावात राहिले. शिक्षकांनी सांगितले की, पावसाळ्यात त्याला मुळाक्षरेही येत नव्हती. आमच्यासमोर त्याने बोट ठेवून ठेवून शब्द वाचले, जोडाक्षरापाशी थांबले, घाम पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उतारा मात्र त्याचा पुरा झाला नाही. तक्त्यात दोनच रकाने होते, ‘वाचतो’ आणि ‘वाचत नाही’. मी दुसऱ्या रकान्यात खूण केली. तक्त्याच्या नियमाप्रमाणे ते अगदी बरोबर होते. त्या शाळेने सहा महिन्यांत केलेले सर्वांत मोठे काम मी ‘नाही’ म्हणून नोंदविले.

दोन मुली तांड्यावरच्या होत्या. घरी गोरमाटी बोलणाऱ्या. त्यांनी उतारा वाचला, पण त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यांना मी ‘वाचतो’ या रकान्यात टाकले. आपल्या दोन जिल्ह्यांत ही अडचण किती पसरलेली आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू, उदगीर, निलंगा, देवणीच्या बाजूस कानडी, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, शहरांत उर्दू, आणि तांड्यांवर गोरमाटी. या सर्व लेकरांसाठी प्रश्नपत्रिका एकच आणि तिची मराठी पुण्याची. लातूर शहरातील प्राध्यापकाचे मूल आणि किनवटच्या पाड्यावरचे मूल यांनी एकच उतारा वाचावा हे ध्येय म्हणून मला मान्य आहे. परंतु दोघांच्या शाळांना त्यावरून एकाच फूटपट्टीने मोजावयाचे म्हणजे एकाला दारात आणि दुसऱ्याला वेशीबाहेर उभे करून धावण्याची शर्यत लावणे होय.

आता कोणी म्हणेल, ‘मग परीक्षा घ्यावयाच्याच नाहीत काय?’ असे मी म्हणत नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २००५ पासून घरोघर जाऊन मुलांना साधा उतारा वाचावयास दिला आणि जे बाहेर आले त्याने सगळ्यांची झोप उडविली. देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली निम्मी होती, कोरोनाच्या शाळाबंदीनंतर २०२२ साली ती ४३ टक्क्यांच्या आसपास आली आणि २०२४ मध्ये पुन्हा ४९ टक्क्यांच्या जवळ गेली. पाच वर्षे शाळेत जाऊन ज्या लेकराला साधा उतारा वाचता येत नाही, त्याची फसवणूक झाली आहे. तिला दुसरे नाव नाही. हे आकडे नसते तर आपण अजून ‘आमच्या वेळची शाळा’ या गप्पांत रमलो असतो. पण त्या पाहणीची एक गोष्ट ध्यानात घ्या. ती घरी जाऊन घेतली जाते आणि तिच्यावरून कोणत्याही एका शाळेला गुण दिले जात नाहीत. त्या आकड्यावर कोणाची बदली, कोणाचे बक्षीस, कोणाचा पट अवलंबून नसतो. म्हणूनच तो आकडा बऱ्याच अंशी खरा राहतो.

आकड्यावर काही अवलंबून असले की काय होते, हे नांदेड जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन सांगावयास नको. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली. त्याआधी परीक्षेच्या दिवशी शाळांच्या खिडक्यांवर लोंबकळणारे काका-मामा आपण लहानपणी पाहिले आहेत. मोहीम झाली आणि जिल्ह्याचे दहावी-बारावीचे निकाल धाडकन खाली आले. शिक्षक तेच, मुले त्याच गावांतली, बाकेही तीच. फक्त खिडकीतली माणसे हलली. मग त्याआधीच्या वर्षी ‘उत्कृष्ट निकालाची परंपरा’ असे फलक लावणाऱ्या शाळा एका वर्षात वाईट झाल्या काय? मुळीच नाही. त्या जशा होत्या तशा दिसू लागल्या, एवढेच. त्याच काळात जिल्ह्यात पटाची मोजणी झाली. पुढे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सबंध महाराष्ट्रात पटपडताळणी करण्यात आली, मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावण्यात आली आणि राज्यात लाखो विद्यार्थी केवळ कागदावरच शिकत आहेत असे उघडकीस आले. पटावर शिक्षकांची पदे आणि अनुदान अवलंबून होते. तेव्हा पट फुगला. निकालावर प्रतिष्ठा अवलंबून होती. तेव्हा निकाल फुगला. यात मराठवाड्याच्या माणसाचा काही खास दोष आहे असेही नव्हे. अमेरिकेतील अटलांटा शहरात चाचण्यांच्या गुणांवर शाळांचे आणि शिक्षकांचे भवितव्य ठरू लागले तेव्हा तेथील शिक्षकांनीच मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली. २०११ साली चौकशी पूर्ण झाली तेव्हा ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतल्याचे दिसून आले. आपल्याकडे काका-मामा खिडकीबाहेर होते, तिकडे ते आत होते, इतकाच फरक.

हा प्रकार आजचा नव्हे. इंग्लंडमध्ये १८६२ साली ‘निकालाप्रमाणे अनुदान’ अशी पद्धत सुरू झाली. तपासनीस शाळेत येई, एकेका मुलाचे वाचन, लेखन व गणित तपासी आणि जितकी मुले उतरतील त्या हिशेबाने शाळेला पैसे मिळत. इंग्रजीच्या तासाला आपण ज्याच्या कविता आणि निबंध अभ्यासतो तो मॅथ्यू आर्नल्ड पोटासाठी शाळा-तपासनीस होता आणि त्याने आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सतत टीका केली. त्याचे म्हणणे असे की, ठरलेले पुस्तक पाठ करून घेतले की मूल वाचनाच्या परीक्षेत उतरते, मात्र त्याला वाचता येते असे नव्हे. हीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले की, निकालाप्रमाणे पैसे देण्याची पद्धत गरीब आणि शिक्षणापासून दूर राहिलेल्या लोकांत विद्याप्रसार करण्यास योग्य नाही. त्यांचे कारण तर अगदी व्यवहारी होते. ज्या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, त्यांच्या वस्तीत अशा अटीवर शाळा काढून कोणता शिक्षक पोट भरू शकेल? मराठवाडा त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता, त्यामुळे हा वाद आपल्या आजे-पणज्यांपर्यंत पोचलाच नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न ‘शाळा चांगली की वाईट’ हा नव्हता. मराठीतून शिकविणारी शाळा आहे की नाही, हाच होता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा यांना स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखी माणसे लाभली, ती काही निकालाच्या टक्केवारीवर भाळून आलेली नव्हती.

येथे लातूर पॅटर्नचे नाव काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या कलाशाखेत तर हा विषय जरा जपूनच काढावा लागतो; कारण आपल्यापैकी निम्मे लोक त्या पॅटर्नमधून गळून येथे आलेले आहेत आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरी अजून तसे समजले जाते. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरचे नाव झळकविले. १९८२ साली स्वतंत्र झालेल्या, दुष्काळ आणि पुढे १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या जिल्ह्याला ‘आमची मुलेही कमी नाहीत’ असे म्हणता आले. त्यामागे प्राध्यापकांचे जादा तास होते, सुट्टीतला सराव होता, कष्ट होते. ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. दहावीला नव्वद टक्के मिळवून आलेला मुलगा बारावीला नव्वद टक्के मिळवितो, यात संस्थेचा वाटा किती आणि मुलाचा किती? आणि ज्या शाळेने दहा टक्क्यांचा मुलगा पन्नासावर नेला तिचा फोटो वर्तमानपत्रात का येत नाही? बारावीचे महाविद्यालय निदान निवड करू शकते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ती सोय नाही. तिच्या दाराशी जे मूल येईल ते तिचे. आलेले मूल परत पाठविता येत नाही, आणि पाठवू नये, हेच तर तिचे वैशिष्ट्य आहे. निवड करणाऱ्या संस्थेचा काटा घेऊन निवड न करणाऱ्या संस्थेला तोलले तर काट्याचा दोष नाही, तोलणाऱ्याचा आहे. त्या शिबिरात तोलणारा मी होतो.

आता दुसरा तक्ता, पालकांच्या अभिप्रायाचा. आम्ही दुपारी दोन ते पाच या वेळेत घरोघर फिरलो. त्या वेळेस गावात कोण असते? पारावर बसलेले पुरुष असतात. कापूस वेचावयास, तूर काढावयास गेलेल्या बाया नसतात. म्हणजे ज्या आया लेकराला आंघोळ घालून शाळेत पाठवितात, त्याच्या पाटीवर काय लिहिले आहे ते अक्षर-ओळख नसतानाही निरखून पाहतात, त्यांचे मत आमच्या तक्त्यात जवळजवळ नव्हतेच. पारावरच्या एका गृहस्थांनी ‘वाईट’ला गोल करावयास सांगितले. ‘का?’ म्हणून विचारले. “सरकारी शाळंत काय असतंय, सांगा बरं?” एवढेच त्यांचे उत्तर. त्यांची मुले तालुक्याच्या शाळेत होती आणि स्वतः ते गावच्या शाळेत शेवटचे गेले ते मतदानाला. दुसऱ्या एकाने ‘अतिशय चांगली’ म्हणून सांगितले. पण त्या वेळी शाळेचे शिक्षक माझ्या शेजारीच उभे होते. दोन्ही गोल मी सारख्याच निष्ठेने केले आणि त्यांची सरासरी काढली.

एका म्हातारीचे उत्तर मात्र माझ्या तक्त्यात बसेना. उतारा अपुरा राहिलेल्या त्या मुलाची ती आजी. मी विचारले, “आजी, शाळेची गुणवत्ता कशी वाटते?” तिने ‘गुण’ एवढेच ऐकले असावे. म्हणाली, “मास्तर लई गुणाचा हाय बाबा. मारीत न्हाई. येळंवर येतंय. लेकरू जायलंय, खिचडी खायलंय, घरी येऊन मला गानं म्हणून दाखवायलंय. आनि दोन सालं तर ऊसातच लोळत होतं की.” मी पुन्हा विचारले, “म्हणजे चांगली की अतिशय चांगली?” ती माझ्याकडे बघतच राहिली. शेवटी मी ‘चांगली’वर गोल केला. गुण म्हणजे मार्क आणि गुण म्हणजे माणसाच्या अंगचा चांगुलपणा हे दोन्ही अर्थ आपल्या भाषेत एकाच शब्दात नांदतात. म्हातारीला दुसरा कळत होता, मला पहिलाच.

पालकांच्या मताला किंमत नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. शिक्षक वेळेवर येतात की नाही, शाळेत मूल मार खाते की नाही, खिचडीत अळ्या निघतात की नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कितीतरी आधी गावाला माहीत असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले ते याच शहाणपणातून. प्रत्यक्षात काय होते? अनेक गावांत समितीची सभा रजिस्टरात होते आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरते. बायकांच्या अंगठ्यांचे ठसे एकाखाली एक उमटतात, आणि त्या बायकांना आपण सदस्य आहोत हेही कधी कधी ठाऊक नसते. पुणे जिल्ह्यातील वाबळेवाडीच्या शाळेचे नाव देशभर झाले. तेथे गावाने जमीन दिली, श्रम दिले, शिक्षकांबरोबर उभे राहून शाळा बांधली. त्या गावकऱ्यांनी ‘आमची शाळा चांगली’ म्हटले तर त्या मताला वजन आहे. कारण ते मत त्यांनी घाम गाळून मिळविले आहे. पारावर बसून दिलेले मत आणि हे मत यांची सरासरी कशी काढावयाची?

पालक आपल्या मुलांना पिवळ्या बसमध्ये बसवितात त्याबद्दल त्यांना नावे ठेवण्याची आपल्या सभा-संमेलनांतून एक पद्धत पडली आहे. मातृभाषेचा कळवळा व्यासपीठावर आणि स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात, अशी मंडळी हे काम विशेष आवेशाने करतात. (व्याख्यान संपल्यावर त्यांच्याच मोटारीतून त्यांचा नातू ‘टाटा’ म्हणताना मी ऐकला आहे.) मी तसे म्हणणार नाही. माझा धाकटा भाऊ त्याच बसने जातो. आमच्या वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून त्याची फी भरली. मी त्यांना विचारले, “अण्णा, आपल्या शाळेत काय वाईट होतं? मी तिथंच शिकलो की.” अण्णा म्हणाले, “तू शिकलास तवा पाच मास्तर होते. आता दोघं हायत आन् त्यातला एक सदा मिटिंगला असतोय.” यावर मजजवळ उत्तर नव्हते. निवडणुकीच्या याद्या, निरनिराळे सर्व्हे, दररोजची ऑनलाइन माहिती, फोटो, अहवाल हे सगळे शिक्षकाच्याच डोक्यावर. ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा देत शिक्षकांनाच मोर्चे काढावे लागले, यापरते दुर्दैव कोणते? अण्णांचे मत शाळेविषयीचे नव्हते. शाळेला काय मिळत नाही याविषयीचे होते. पण तक्त्यात त्याची नोंद ‘वाईट शाळा’ अशीच झाली असती.

म्हणजे चक्र कसे फिरते पाहा. शिक्षक कमी, म्हणून वाचन कच्चे. वाचन कच्चे, म्हणून गुण कमी. गुण कमी, म्हणून पालक नाराज. नाराज पालकांची मुले निघाली की पट कमी आणि पट कमी झाला की शिक्षक आणखी कमी. ज्यांना फी भरणे शक्य आहे ते निघून जातात. मागे राहतात ती ऊसतोडीची, तांड्यावरची, आजीपाशी वाढणारी. पुढच्या वर्षी तक्ता घेऊन कोणी गेला तर त्याला बेचाळीसच्या ठिकाणी तीस गुण दिसतील आणि तो म्हणेल, ‘पाहा, शाळा आणखी घसरली!’ कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची कल्पना मांडली होती ती हेच ओळखून. एका वस्तीतल्या श्रीमंत-गरीब सर्वांची मुले एकाच शाळेत बसली तरच त्या शाळेकडे कोणाचे तरी लक्ष राहील. ती शिफारस कागदावरच राहिली.

अलीकडे शाळांना गुण देण्याची हौस सरकारलाही लागली आहे. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला, त्यात पायाभूत चाचण्या आल्या आणि शाळा ‘प्रगत’ म्हणून घोषित होऊ लागल्या. मग शाळासिद्धी, मग २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही बक्षिसांची स्पर्धा. या निमित्ताने काही शाळांच्या भिंती रंगल्या, बागा फुलल्या, ते चांगलेच झाले. पण एका शिक्षकाने मला खासगीत सांगितले की, चाचणीच्या आठवड्यात ते कच्च्या मुलांना ‘उद्या आला नाहीस तरी चालेल’ असे सांगत. हे सांगताना त्यांची मान खाली होती. ज्या मुलासाठी चाचणी, तेच मूल चाचणीच्या दिवशी घरी!

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा ओस पडलेली असते, मुले मेंढरांमागे असतात. तो हळूहळू मुले गोळा करतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, लोकांच्या अडीअडचणीत पडतो आणि शेवटी दुष्काळाने वाडीच उठून जाते. माझ्या हातातला तक्ता त्या शाळेला लावला तर? उपस्थिती शून्य, चाचणी नाही, पालकांचा अभिप्राय उपलब्ध नाही. मराठी वाचकांनी १९५५ पासून ज्या मास्तरावर प्रेम केले त्याची शाळा नापास.

आमच्या एका सरांना मी हे सर्व बोलून दाखविले तेव्हा त्यांनी रास्त आक्षेप घेतला. ते म्हणाले, “तुझे ऐकले तर कामचुकार शिक्षकाचे फावेल. तो म्हणेल, माझी मुले गरीब, माझी मुले स्थलांतरित, मला मोजू नका.” ही भीती खरी आहे. असे शिक्षक आहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकलेलो आहे. पण जो शिक्षक शाळेत येत नाही त्याला पकडण्यासाठी मुलांची परीक्षा कशाला? त्याची खुर्ची पाहिली तरी पुरे. आणि जो येतो पण शिकवीत नाही, त्याच्या वर्गात कोणीतरी चार दिवस मागे बसले पाहिजे. आपल्या तपासणीत एवढेच होत नाही. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी येतात, रजिस्टरे पाहतात, चहा घेतात, पुढच्या शाळेला निघतात. त्यांच्याकडे शाळाच इतक्या असतात की बसावयास वेळ नाही. मुलांच्या वाचनाची नोंद व्हावी, जरूर व्हावी. पण त्याच मुलाची जूनमधली आणि त्याच मुलाची मार्चमधली, शेजारी शेजारी ठेवून. फडावर गेलेल्या चौघांची नावेही त्या कागदावर असावीत, कोऱ्या जागेसह. कारण ती कोरी जागा शाळेविषयी आणि सरकारविषयी पुष्कळ काही सांगते. पालकांना विचारावयाचे तर सकाळी सहाला किंवा दिवेलागणीनंतर जावे, शिक्षकाला बरोबर न घेता, आणि ‘चांगली की वाईट’ असे न विचारता, ‘काल लेकरू शाळेतून येऊन काय म्हणाले?’ असे विचारावे. हा कागद शिक्षकापाशी आणि समितीपाशी राहावा. ग्रामसभेत त्यावरून शाळेला एकच आकडा चिकटवू नये. याने कामे वाढतील, आकडे सुबक निघणार नाहीत आणि मंत्रालयात त्यांची बेरीज करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम त्या गावी गेलो होतो. शाळेत दोघेच शिक्षक. मोठे गुरुजी सुट्टी असूनही कार्यालयात बसून कसलीशी माहिती भरीत होते. मी ओशाळून सहीचा विषय काढला. ते म्हणाले, “बेरीज बरोबर होती तुमची. मी तपासून पाहिली.” त्या मुलाचे विचारले. ते मूल आता सहावीच्या वयाचे झाले. टोळी दोन दिवसांपूर्वीच गेली होती आणि यंदा आजी थकल्यामुळे तेही बरोबर गेले. “वाचायला लागलं होतं,” गुरुजी म्हणाले, “चांगलं वाचायला लागलं होतं.”

मग त्यांनी चहा मागविला. टेबलावर कागदांचा एक गठ्ठा होता. आमच्या शिबिरातले उरलेले कोरे तक्तेच होते ते. त्यांच्या पाठीमागच्या बाजूवर दुसरीच्या मुलांनी पेन्सिलीने वजाबाक्या केल्या होत्या.